प्रवाळांच्या अंगणात

थंड हवेची ठिकाणे आणि तीर्थयात्रा यांपलीकडे सहकुटुंब सुट्टीचा विचार करणाऱ्यांना अरबी समुद्रातील लक्षद्वीप साद घालीत असते. या द्वीपसमूहाचे एकूण भूक्षेत्र अवघे ३२ चौरस किलोमीटर आणि वस्ती असलेली बेटे केवळ १० आहेत. येथील खरे वैभव मात्र पाण्याखाली आहे, आणि ते पाहण्यासाठी पट्टीचे पोहणारे असण्याची आवश्यकता नाही.

बेटांवर जाण्यासाठी प्रवेश परवाना आधी काढावा लागतो. कोचीहून जहाजाने साधारण १४ ते १८ तास लागतात. अगत्ती येथे विमानानेही जाता येते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने ऑक्टोबर ते मे हा काळ योग्य.

पाण्याखालची नगरी

प्रवाळभित्तीच्या कड्यावर लाटा फुटतात आणि आतील उथळ पाणी सरोवरासारखे शांत राहते. डोळ्यांवर व नाकावर काचेचा मुखवटा, तोंडात श्वास घेण्याची नळी आणि अंगात लाइफ जॅकेट एवढ्या सामग्रीवर पालथे तरंगत खालचे जग पाहणे म्हणजे स्नॉर्केलिंग. मुलांनी प्रथम कमरेइतक्या पाण्यात, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली केवळ तोंडाने श्वास घेण्याचा सराव करावा. पाठ उन्हाने भाजू नये म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा.

मग समुद्रफुलाच्या कुशीत दडणारा विदूषक मासा दिसतो, संथपणे जाणारे हिरवे कासव दिसते. पोपटमासा चोचीने प्रवाळ कुरतडतो आणि त्याचा चुरा वाळूच्या रूपाने बाहेर टाकतो. किनाऱ्यावरील पांढऱ्याशुभ्र वाळूत त्याचाही वाटा असतो, हे ऐकून लहानथोर सारेच चकित होतात!

मुद्दल सांभाळावे

प्रवाळ हा दगड नव्हे. तो सूक्ष्म जीवांची वसाहत आहे. अनेक घुमटाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. एका बेसावध पावलाने मोडलेला तुकडा भरून येण्यास कित्येक वर्षे लागतात. समुद्राचे पाणी तापले की प्रवाळ आपल्या अंगातील शैवाल गमावून पांढरे पडतात. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये लक्षद्वीपने हे संकट अनुभवले. समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच असलेल्या या बेटांना लाटांपासून वाचविणारी तटबंदी हीच असल्याने प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही, रहिवाशांच्या घरादाराचा आहे.

समुद्राचे तापणे एका कुटुंबाच्या हाती नाही. पाऊल मात्र आहे. पाय टेकायचाच झाल्यास वाळूवर टेकावा, प्रवाळास स्पर्श करू नये, माशांना खाऊ घालू नये, प्लास्टिक सोबत परत आणावे. स्मरणवस्तू म्हणून प्रवाळाचा तुकडा उचलणे हा तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे.

व्याजावर संसार करावा, मुद्दलास हात लावू नये, ही आपल्या घरोघरची शिकवण. निसर्गाने हजारो वर्षांत साठविलेल्या या ठेवीचा आनंदरूपी व्याज सहकुटुंब अवश्य घ्यावा. मुद्दल पुढील पिढीच्या नावे अबाधित राहू द्यावे.