चालत्या कॉम्प्युटरला सक्तीची निवृत्ती

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-अपडेट थांबवली. त्या दिवशी कुठलाही कॉम्प्युटर बंद पडला नाही, म्हणून जळगाव-धुळ्यात गवगवा झाला नाही. पण नव्याने सापडणारी भगदाडे आता आपोआप बुजत नाहीत, आणि त्याच मशीनवर आपली जीएसटीची विवरणपत्रे आणि बँकेचे व्यवहार चालतात.

दहा वर्षे सांभाळले, असे कंपनी म्हणेल. ते खरेही आहे. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आली. पण २००१ साली आलेल्या एक्सपीला एप्रिल २०१४ पर्यंत आधार मिळाला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभरातले कॉम्प्युटर ओलीस धरले, तेव्हा मुदत संपलेल्या एक्सपीलाही कंपनीने दुरुस्ती पुरवली. म्हणजे मनात आणले तर जमते.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. २०१६ साली घेतलेले धडधाकट मशीन तिथेच बाद होते.

याचा खरा जाच डीटीपीवाल्यांना. जळगावचे गोलाणी मार्केट असो की धुळ्याचा आग्रा रोड, पत्रिका, पावतीपुस्तके, हँडबिले करणाऱ्या माणसाचे भांडवल म्हणजे त्याच्या जुन्या फाइली. त्या ज्या पेजमेकर सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या, त्याची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ सालची. श्रीलिपी, आकृतीच्या जुन्या फाँटांतला मजकूर युनिकोडमध्ये नसतो; तो फाँट नसलेल्या मशीनवर उघडला की अक्षरांचा कचरा होतो. तुळशीचे लग्न लागले की पत्रिकांची घाई सुरू होते, आणि बसलेली घडी मोडायला कोणी धजावत नाही. या माणसाला नवे काही नको आहे. आहे ते सुरक्षित राहावे, एवढेच त्याचे मागणे.

कंपनीचे लक्ष मात्र दुसरीकडे. विंडोज ९५ पासून सोबत असलेले वर्डपॅड विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीत काढून टाकले आणि साध्या नोटपॅडमध्ये एआय घातले. माझ्या मते हे सरळ दुर्लक्ष आहे. नव्याची हौस कंपनीने जरूर करावी, पण लोकांच्या पोटाशी बांधलेल्या जुन्याची राखण सोडून नव्हे.

घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-अपडेट जाहीर झाली: मायक्रोसॉफ्ट खाते उघडून सेटिंगांचा बॅकअप ठेवला तर फुकट, नाहीतर तीस डॉलर. व्यावसायिक परवान्याला पहिल्या वर्षी मशीनमागे एकसष्ट डॉलर, आणि दरवर्षी दुप्पट. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर तिथे बॅकअपची अट सुटली. भारताला ती सवलत मिळाली नाही; आपल्याकडून तसा रेटा गेल्याचेही ऐकिवात नाही.

डीटीपीवाल्या मित्रांनो, जुन्या फाइलींची प्रत आजच वेगळ्या हार्डडिस्कवर घ्या आणि नवे काम युनिकोडमध्ये सुरू करा. आणि खानदेशातल्या ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना विनंती, की भेसळ आणि वजनमापाइतक्याच नेटाने हा प्रश्नही हाती घ्यावा.