मोजक्यांचा बाजार

भाव कोण ठरवितो, हा प्रश्न धान्याच्या पेढीवर बसणाऱ्यास आयुष्यभर ऐकावा लागतो. शेतकऱ्यास वाटते व्यापारी ठरवितो. किरकोळ दुकानदारास वाटते घाऊक पेढी ठरविते. आणि गिऱ्हाइकास तर सगळेच एकमेकांस सामील आहेत असे वाटते. अर्थशास्त्रज्ञ या प्रश्नाकडे निराळ्या बाजूने पाहतात. ते कोणाची नियत विचारीत नाहीत. बाजारात विकणारे किती, घेणारे किती, आणि एकाच्या हालचालीकडे दुसऱ्यास लक्ष ठेवावे लागते की नाही, एवढेच ते तपासतात. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तथापि हा विषय आपल्या धंद्याच्या इतका निकटचा आहे की स्मरणिकेच्या निमित्ताने तो सभासद बंधूंपुढे व त्यांच्या कुटुंबीयांपुढे मांडावा असे वाटले.

आपल्या इंदूरच्या मंडीतील लोकवन गव्हाचे एका प्रतीचे पोते घ्या. त्यावर कोणाचे नाव नसते. एका शेतकऱ्याने माल घरी ठेवला म्हणून भाव चढत नाही, आणि एका पेढीने क्विंटलमागे वीस रुपये अधिक मागितले तर गिऱ्हाईक शेजारच्या पेढीची पायरी चढते. यास पूर्ण स्पर्धा म्हणतात. शास्त्रात वर्णिलेली पूर्ण स्पर्धा जगात तंतोतंत कोठेच आढळत नाही. धान्याचा बाजार मात्र तिच्या पुष्कळच जवळ जातो. दुसऱ्या टोकास मक्तेदारी, जसे आपले रेल्वे खाते. याच गव्हाचे पीठ करून, पिशवीवर छाप मारून कोणी विकू लागला की तो आपल्या छापापुरता मक्तेदार होतो, परंतु दुसरे छाप त्यास फार चढू देत नाहीत. या मिश्र प्रकारास मक्तेदारीयुक्त स्पर्धा असे नाव असून अमेरिकेतील चेंबरलिन यांनी १९३३ साली तिचे विवेचन केले.

खरी गंमत आहे ती विक्रेते मोजकेच असतात तेथे. यास अल्पाधिकार म्हणतात. येथे प्रत्येक जण भाव सांगण्यापूर्वी मनात विचारतो, "मी असे केले तर तो काय करील?" हजार पेढ्यांच्या बाजारात हा प्रश्न उद्भवत नाही, आणि एकट्या मक्तेदारासही तो पडत नाही.

याचे गणित कूर्नो नावाच्या फ्रेंच पंडिताने १८३८ साली मांडले. त्याने खनिज पाण्याच्या झऱ्यांचे उदाहरण घेतले, कारण पाणी आपोआप वाहते, खर्च काही नाही. आकडे आम्ही आपल्या सोयीचे घेतो. समजा, पाणी फुकट दिले तर गावात १२० घागरी खपतात, आणि दर एक रुपयाने वाढला की खप एका घागरीने घटतो. झरा एकाच्याच मालकीचा असेल तर ६० घागरी, दर ६० रुपये आणि उत्पन्न ३६०० रुपये यात त्याचे सर्वांत अधिक हित आहे. झरे दोन आणि मालक दोन झाले, तर एकमेकांचा अंदाज घेत घेत दोघे ४०–४० घागरींवर येऊन स्थिरावतात. दर ४० रुपयांवर उतरतो आणि प्रत्येकास १६०० मिळतात. तिघे झाले तर दर ३०, पाच झाले तर २०, अकरा झाले तर १०. भाव उतरला तो कोणाच्या धर्मबुद्धीने नव्हे, विक्रेत्यांच्या संख्येने.

आता त्या दोघांनी गुपचूप ठरविले की प्रत्येकी ३० घागरीच काढावयाच्या. दर पुन्हा ६० होतो व प्रत्येकास १८०० मिळतात. पण यातील एकाने रात्रीतून १५ घागरी जास्त काढल्या तर दर ४५ होऊन त्यास २०२५ मिळतात, आणि वचन पाळणाऱ्याच्या हाती १३५० उरतात. संगनमत करण्याचा मोह आणि ते मोडण्याचा मोह, दोन्ही या एकाच हिशेबातून निघतात. चार जणांनी गुप्तपणे बांधलेला भाव बहुधा आतूनच का फुटतो, हे व्यापाऱ्यास याहून अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

झऱ्यांकडून आता आपल्या मालाकडे वळू. जगाच्या धान्यव्यापारात चार घराणी दीर्घकाळ अग्रभागी राहिली: १८१८ साली आम्स्टरडॅम येथे निघालेली बुंगे, १८५१ ची फ्रान्समधील लुई ड्रेफस, १८६५ ची अमेरिकेतील कारगिल आणि तेथलीच १९०२ ची आर्चर डॅनियल्स मिडलंड. अलीकडे चीनची सरकारी कंपनी कॉफ्को हीही त्यांच्या पंक्तीस बसली आहे, आणि जुलै २०२५ मध्ये बुंगेने व्हिटेरा ही मोठी कंपनी आपल्यात मिळवून घेतली. म्हणजे मोजके होते ते आणखी मोजके झाले. कोठारे, बंदरे, जहाजे आणि तेलाचे कारखाने यांच्या हाती असल्याने शेतकऱ्यापुढे हे मोजके ग्राहक असतात, आणि खरेदीदार देशांपुढे मोजके विक्रेते. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशांतून आणतो. म्हणून माळव्यातील सोयाबीनच्या लिलावात बोली आपण देत असलो तरी त्या बोलीच्या मागे शिकागोचा भाव आणि दिल्लीचा आयातकर उभा असतो.

या चारांपैकी आर्चर डॅनियल्स मिडलंडचे एक प्रकरण आपल्यासारख्या संघाने अवश्य ध्यानात ठेवावे. लायसीन हे पशुखाद्यात मिसळावयाचे द्रव्य. १९९१ साली ही कंपनी त्या धंद्यात उतरली, चढाओढ लागली आणि भाव खूपच कोसळला. तेव्हा तिने जपानच्या दोन व कोरियाच्या दोन कंपन्यांसह भाव आणि मालाचे वाटे ठरवून घेतले. या बैठकांस आडोसा हवा म्हणून त्यांनी काय योजिले? युरोपातील एका व्यापारी संघाच्या छत्राखाली पोटसंघ! कार्यक्रमपत्रिका केवळ दाखविण्यापुरती असे. कंपनीचाच एक अधिकारी अमेरिकन पोलिसांच्या सांगण्यावरून हे संभाषण ध्वनिमुद्रित करीत होता. १९९६ साली कंपनीने गुन्हा कबूल करून दहा कोटी डॉलर दंड भरला, आणि पुढे तिच्या अधिकाऱ्यांस कारावासही झाला.

आपल्याकडे पूर्वी १९६९ चा मक्तेदारीविषयक कायदा होता. त्याच्या जागी २००२ चा स्पर्धा अधिनियम आला, आणि संगनमताविषयीचे त्याचे कलम ३ हे २० मे २००९ पासून अमलात आले. प्रतिस्पर्ध्यांनी मिळून भाव ठरविला तर त्याने स्पर्धेस बाध येतो असे कायदा गृहीतच धरतो, आणि व्यापारी संघाचा ठरावही त्यात येतो. दंड उलाढालीच्या प्रमाणात असतो, व पदाधिकारीही त्यातून सुटत नाहीत. शेजारच्या पेढीचा भाव पाहून आपण आपला भाव बदलणे हा मात्र गुन्हा नव्हे. तो तर बाजारच झाला. बोलून, ठरवून, वचन घेऊन बदलणे हा गुन्हा. रेषा बारीक असली तरी स्पष्ट आहे.

हे सांगण्याचे कारण असे की लहान गावच्या लिलावात शेतकरी शेकडो आणि बोली लावणारे पाच-सात असतात. तेथे कारगिल नसते, आपणच असतो. "संघाने एकच खरेदीभाव बांधून द्यावा" अशी सूचना व्यापाऱ्यांच्या सभांत अधूनमधून येते, आणि ती मांडणारे बहुधा सज्जनच असतात. संघाने वजनकाटे तपासावेत, प्रतीचे नमुने ठरवावेत, उधारीचे तंटे मिटवावेत, करांविषयी सरकारकडे निवेदने न्यावीत. यांपैकी कशासही कायद्याची आडकाठी नाही. भावाची सूचना आली तर अध्यक्षांनी ती चर्चेस घेऊ नये, आणि चिटणिसांनी "विषय घेतला नाही" एवढी नोंद इतिवृत्तात त्याच दिवशी करून ठेवावी.