मऊ पाणी आणि शुद्ध पाणी

नदीकाठच्या गावातील एखादे कुटुंब शहराच्या सीमेवरील नव्या वसाहतीत राहावयास जाते. तेथे नळाला कूपनलिकेचे पाणी येते. ते दिसावयास काचेसारखे स्वच्छ असते, पण पहिल्याच दिवशी आजी म्हणते, “तुरीची डाळ तासभर शेगडीवर आहे, तरी शिजेना!” कपडे धुताना साबणाला फेस येत नाही. महिन्याभरात बादलीच्या कडेला पांढरे पुट चढते. शेवटी घरात वॉटर सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारे यंत्र, बसविले जाते. साबण फेसाळू लागतो, डाळ मऊ शिजते. सर्वांना वाटते, ‘आता पाणी शुद्ध झाले, ते उकळण्याचे कारण उरले नाही.’

नेमकी येथेच चूक होते. मऊ पाणी आणि शुद्ध पाणी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

पावसाचे पाणी मऊ असते. ते जमिनीत मुरताना मातीतील कार्बन डायऑक्साइड वायू त्यात विरघळतो व ते किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी खडकांतील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार आपल्याबरोबर घेते. महाराष्ट्राचा बराच मोठा भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. त्याच्या भेगांतून झिरपणाऱ्या पाण्यातही हे क्षार उतरतात. त्यांचा साबणाशी संयोग झाला की फेसाऐवजी चिकट साका तयार होतो. अशा पाण्याला कठीण किंवा दुष्फेन पाणी म्हणतात.

कठीण पाण्याविषयी अनेक गैरसमज रूढ आहेत. तुरटी फिरविली की पाणी मऊ होते, असे कित्येकांना वाटते. वस्तुतः तुरटीमुळे पाण्यातील गाळ तळाशी बसतो. विरघळलेले क्षार तसेच राहतात. पाणी उकळल्यास त्यांतील काही क्षार भांड्याच्या तळाशी बसतात. पण सगळेच क्षार अशा रीतीने निघत नाहीत.

दुसरा समज असा, की यंत्रात मीठ घालतात, म्हणून ते मीठच पाण्यात मिसळते. यंत्राचे कार्य समजले म्हणजे हा समज दूर होतो. यंत्रात रेझिन नावाच्या कृत्रिम राळेचे मोहरीहूनही बारीक मणी असतात. त्यांना सोडियमचे कण चिकटलेले असतात. कठीण पाणी त्यांवरून वाहू लागले, की मणी पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्यांच्या मोबदल्यात सोडियम देतात. मातीतही अशी देवघेव चालते, हे इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ जे. टी. वे यांनी १८५० साली दाखवून दिले होते. काही दिवसांनी मण्यांवरील सोडियम संपते. मग मिठाच्या दाट पाण्याने मणी धुतात. ते खारे पाणी मोरीवाटे बाहेर जाते आणि मणी पुन्हा कामास सिद्ध होतात.

म्हणजे मऊ केलेले पाणी खारट नसते. परंतु त्यात सोडियम वाढलेले असते, हेही खरे. एक लिटर पाण्यात कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने ३०० मिलिग्रॅम कठीणपणा असेल, तर तो काढताना सुमारे १३८ मिलिग्रॅम सोडियम त्यात येते. निरोगी माणसाला याची फारशी चिंता नको. ज्यांना वैद्यांनी मीठ कमी खाण्यास सांगितले आहे, त्यांनी मात्र असे पाणी पिण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला घ्यावा.

कठीण पाणी म्हणजे जणू विष, असेही काही जण मानतात. पण कॅल्शियम व मॅग्नेशियम ही शरीराला हवी असलेली द्रव्ये आहेत. कठीण पाण्यानेच मुतखडा होतो, असे सिद्ध झालेले नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरे पाणी मिळतच नसेल, तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो.

आता सर्वांत घातक गैरसमज पाहू. राळेचे मणी कॅल्शियम पकडतात. रोगजंतूंना ते मारीत नाहीत. पावसाळ्यात सांडपाणी झिरपून विहिरीत किंवा कूपनलिकेत शिरले, तर विषमज्वराचे किंवा पटकीचे जंतू यंत्रातून सहज पार होऊन पेल्यात येतात. साबणाला आलेला फेस त्यांची वार्ता देत नाही. म्हणून पाणी मऊ असो वा कठीण, त्याच्या निर्मळपणाची खात्री नसेल, तर ते खळखळून उकळूनच प्यावे.

शहाणे कुटुंब यंत्राकडून त्याचेच काम करून घेते. धुण्याच्या आणि न्हाण्याच्या पाण्याला ते यंत्र जोडते, पिण्यासाठी वेगळा नळ ठेवते आणि ते पाणी उकळते. यंत्रातून निघणारे खारे पाणी ते तुळशीला किंवा परसातील झाडांना घालीत नाही; कारण सोडियममुळे माती घट्ट होते आणि मुळांना हवापाणी नीट मिळत नाही.

साधन कितीही उपयोगी असले, तरी ते काय करते आणि काय करीत नाही, हे दोन्ही ठाऊक असावे लागते. त्यांतील दुसरी गोष्ट विसरली, तर घरात आणलेली सोयच घराला आजार देऊन जाते.