अर्जाच्या उंबरठ्यावर अडलेले शिक्षण

गरीब विद्यार्थ्याला महाविद्यालयात जाता यावे म्हणून सरकारने पैसा बाजूला काढला की प्रश्न सुटला, असा समज सर्वत्र रूढ आहे. तरतुदीच्या आकड्यांवर विधिमंडळात वाद झडतात. परंतु तो पैसा ज्या कागदी वाटेने विद्यार्थ्याच्या हाती पडावयाचा, त्या वाटेकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. अमेरिकेत मात्र या वाटेची कसून तपासणी झाली आहे आणि तिचे निष्कर्ष महाराष्ट्रानेही विचारात घ्यावेत असे आहेत.

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ८ नोव्हेंबर १९६५ रोजी उच्च शिक्षण कायद्यावर स्वाक्षरी केली, ती टेक्सासमधील सॅन मार्कस येथे, आपण स्वतः जेथे शिकलो त्याच महाविद्यालयात. पुढे १९७२ मध्ये गरजू विद्यार्थ्यांना परतफेड न करावयाचे अनुदान देण्याची व्यवस्था झाली व १९८० मध्ये त्या अनुदानास सेनेटर क्लेबॉर्न पेल यांचे नाव देण्यात आले. २०२३-२४ या वर्षी त्याची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर होती. हे अनुदान, केंद्र सरकारची शैक्षणिक कर्जे आणि अनेक राज्यांची व महाविद्यालयांची मदत, या साऱ्यांचे दार एकच. ते म्हणजे ‘फाफ्सा’ या आद्याक्षरी नावाने ओळखला जाणारा अर्ज. शाळेच्या अखेरच्या वर्षात, म्हणजे बारावीत असतानाच, तो भरावयाचा असतो.

शुल्क नाही, पण किंमत आहे

या अर्जाला शुल्क नाही. तथापि, ज्याला शुल्क नाही त्याला किंमतही नाही असे मानणे ही भाबडी समजूत होय. वर्षानुवर्षे या अर्जात शंभराहून अधिक प्रश्न होते. आईवडिलांचे उत्पन्न, बचत, मालमत्ता, कुटुंबातील माणसांची संख्या असे नाना तपशील त्यात मागितले जात. ज्या घरातील वडीलधारी मंडळी महाविद्यालयात शिकलेली आहेत त्या घरात हा एका संध्याकाळचा त्रास. ज्या घरातून महाविद्यालयाची पायरी आजवर कोणीच चढलेले नाही, तेथे मात्र ती भिंतच ठरते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर हा एक प्रतिगामी कर आहे. ज्याची ऐपत सर्वांत कमी, त्याच्यावर त्याचा भार सर्वांत जास्त!

हा केवळ तर्क नव्हे. २००८ मध्ये ओहायो व नॉर्थ कॅरोलिना या राज्यांत काही अर्थशास्त्रज्ञांनी ‘एच अँड आर ब्लॉक’ या करविषयक सल्ला देणाऱ्या कंपनीच्या कार्यालयांतून एक प्रयोग केला. कराचे विवरणपत्र भरण्यास आलेल्या अल्प व मध्यम उत्पन्नाच्या काही कुटुंबांना मुलांचा हा अर्जही तेथल्या तेथे भरून देण्यास साह्य करण्यात आले. दुसऱ्या गटाला मदतीची केवळ माहिती दिली गेली. ज्यांना प्रत्यक्ष साह्य मिळाले त्या घरांतील बारावीच्या मुलांपैकी पुढील तीन वर्षांत महाविद्यालयाची दोन वर्षे पुरी करणाऱ्यांचे प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. ज्यांना केवळ माहिती मिळाली त्यांच्यात मात्र काहीच फरक आढळला नाही. पत्रके वाटून कर्तव्य पार पडले असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मिशिगन विद्यापीठातील प्रयोग याहूनही बोलका आहे. तेथे गुणवान परंतु गरीब मुलांना पत्राने कळविण्यात आले की, प्रवेश मिळाल्यास चार वर्षांचे शिक्षणशुल्क माफ होईल आणि त्यासाठी आर्थिक परिस्थितीचा अर्ज भरण्याची अट नाही. यांतील बहुतेकांना रीतसर अर्ज केल्यास तेवढीच मदत एरवीही मिळाली असती. तरीही पत्र न मिळालेल्यांपैकी २६ टक्के, तर पत्र मिळालेल्यांपैकी ६८ टक्के विद्यार्थ्यांनी प्रवेशासाठी अर्ज केले. प्रत्यक्ष प्रवेश घेणाऱ्यांचे प्रमाण १२ वरून २७ टक्क्यांवर गेले. पैसा वाढला नव्हता. वाढली होती ती निश्चिती.

सुधारणेचाही विलंब

अमेरिकी काँग्रेसने डिसेंबर २०२० मध्ये हा अर्ज सुलभ करण्याचा कायदा केला. प्रश्नांची संख्या जास्तीत जास्त ४६ वर आणण्यात आली आणि उत्पन्नाचे आकडे संमतीने थेट करखात्याकडून घेण्याचे ठरले. हेतू उत्तम होता, परंतु अंमलबजावणी ढिसाळ. एरवी १ ऑक्टोबरला खुला होणारा अर्ज २०२३ मध्ये ३० डिसेंबरला, तोही अडखळत खुला झाला. ज्यांच्या आईवडिलांकडे सामाजिक सुरक्षा क्रमांक नव्हता त्या मुलांना तो कित्येक आठवडे पुरा करता आला नाही. अर्जांची माहिती महाविद्यालयांकडे मार्च २०२४ मध्ये पोहोचू लागली. त्या वर्षी अर्ज करणाऱ्या बारावीच्या विद्यार्थ्यांची संख्या घटली. सधन घरातील मुलांना या विलंबाची झळ फारशी लागली नाही, हे सांगावयास नकोच.

महाराष्ट्राने घ्यावयाचा बोध

महाराष्ट्रात परिस्थिती वेगळी असली तरी दुखणे तेच आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी शालान्तोत्तर शिष्यवृत्तीची योजना १९४४ पासून चालत आलेली आहे. महाडीबीटी या संकेतस्थळामुळे अर्जाचा कागद गेला, परंतु उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रके, आधारशी जोडलेले बँक खाते ही जुळवाजुळव राहिलीच. शेतमजुराचे उत्पन्न आयकर खात्याच्या दप्तरी नसते, त्यामुळे तहसील कचेरीची वारी चुकत नाही. शिवाय येथे विद्यार्थी आधी प्रवेश घेतो व मग अर्ज करतो. म्हणजे मिशिगनमध्ये ज्या निश्चितीने चमत्कार घडविला, नेमकी तीच निर्णयाच्या क्षणी त्याच्याजवळ नसते.

यावर उपाय खर्चिक नाहीत. दाखले देणारे महसूल खाते शासनाचे आणि गुणांची नोंद ठेवणारे परीक्षा मंडळही शासनानेच स्थापिलेले. मग शासनाच्या एका दप्तरातील कागद दुसऱ्या दप्तरात नेऊन देण्याचे काम सतरा वर्षांच्या मुलाकडे का असावे? कनिष्ठ महाविद्यालयातच, बारावीचे वर्ष संपण्यापूर्वी, जाणत्या माणसाने शेजारी बसून अर्ज भरून द्यावा आणि पात्र विद्यार्थ्याला प्रवेशापूर्वीच मदतीची लेखी हमी मिळावी. अर्जच न केलेल्या मुलाची नोंद कोणत्याही नामंजुरीच्या यादीत होत नाही. तो मुकाट्याने बाहेर राहतो, आणि योजना मात्र कागदोपत्री यशस्वी ठरते.