घरातील ध्वनिमुद्रण : साधनांची निवड

मागील घटकात आपण नभोवाणीच्या संहितालेखनाचा विचार केला. संहिता श्रोत्यापर्यंत पोचते ती आवाजाच्या रूपाने, आणि तो आवाज आता पुष्कळदा निवेदकाच्या घरातच मुद्रित होतो. त्यासाठी कोणती साधने घ्यावीत, हा या घटकाचा विषय आहे.

प्रथम एक मर्यादा लक्षात घ्या. घरी कार्यक्रम तयार करता येतो. परवान्याशिवाय तो रेडिओलहरींवरून प्रक्षेपित करता येत नाही. या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. २००६ च्या धोरणाने सामुदायिक रेडिओचा परवाना शैक्षणिक संस्थांबरोबर स्वयंसेवी संस्थांनाही खुला झाला, मात्र व्यक्तीला तो मिळत नाही. म्हणून बाजारात मिळणारा छोटा एफएम ट्रान्समीटर आपल्या यादीत नको. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ किंवा म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ यांसारख्या सामुदायिक केंद्रांसाठी अथवा इंटरनेटवरील श्रोत्यांसाठी उत्तम मुद्रण करणे, एवढेच आपले उद्दिष्ट आहे.

आता निवडीचा निकष कोणता? मराठीच्या अभ्यासकाने तो भाषेतच शोधावा. ‘जग’ हा शब्द विश्व या अर्थी तालव्य ‘ज’ने उच्चारला जातो, तर ‘जगणे’ या क्रियापदाच्या आज्ञार्थात तो दंततालव्य होतो. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’ही असेच वेगळे. लिपी हा भेद दाखवत नाही; तो केवळ कानाला कळतो. असे घर्षणयुक्त वर्ण ज्या सळसळीने ओळखू येतात, तिचा मोठा भाग वरच्या कंप्रतांत असतो. ‘स’ची सळसळ तर बहुतांशी ४,००० हर्ट्‌झच्या पुढे असते. जुन्या दूरध्वनीवर सुमारे ३,४०० हर्ट्‌झपर्यंतचाच आवाज जात असे. म्हणून तेथे ‘स’ आणि ‘फ’ यांची गल्लत होई. एफएमवर १५,००० हर्ट्‌झपर्यंतचा ध्वनी जाऊ शकतो. माध्यमाने दिलेली ही सूक्ष्मता मुद्रणातच हरवू नये, यासाठी साधने निवडायची आहेत.

ही सूक्ष्मता सर्वाधिक हरवते ती खोलीत. उघड्या भिंती आणि फरशी यांवरून परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो व शब्दांचे शेवट पुसट करतो. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे झणझणीत शेपूट ऐकू आले, तर ती खोली निवेदनास योग्य नाही. गाद्या, गोधड्या, जाड पडदे आणि कपड्यांनी भरलेले उघडे कपाट हा आवाज शोषून घेतात. अंड्यांचे पुठ्ठे भिंतीला चिकटवण्याची प्रथा मात्र निरुपयोगी आहे; पातळ पुठ्ठा फारसे काही शोषत नाही. मुद्रणाच्या वेळी पंखा बंद ठेवावा लागतो, हेही गृहीत धरा.

यानंतर मायक्रोफोन. याचे दोन प्रमुख प्रकार आहेत. कंडेन्सर माइक अधिक संवेदनशील असतो. बारकावे टिपतो, तसाच शेजारचा कुकरही टिपतो. त्यांपैकी बहुतेकांना ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो. डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरावा लागतो आणि दूरचे आवाज त्यात तुलनेने क्षीण येतात. वर्दळीच्या घरासाठी डायनॅमिकच घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. १९६६ पासून प्रचलित असलेला शुअरचा एसएम ५८ हा रंगमंचावर वापरला जाणारा माइक निवेदनासाठीही चांगला चालतो. त्याच कंपनीचा एसएम ७ बी रेडिओ केंद्रांत प्रतिष्ठा पावलेला आहे. पण त्याला सुमारे ६० डेसिबल वर्धन लागते. स्वस्त इंटरफेस एवढे वर्धन करताना सूं-सूं आवाज मिसळतो, आणि महागड्या माइकचा लाभ तेथेच संपतो. साधने एकमेकांना अनुरूप असावी लागतात, ती अशी.

हृदयाकृती ग्रहणक्षेत्राच्या माइकची पाठ खिडकीकडे असावी. अंतर चार बोटांपासून वीतभर पुरे. अंतर दुप्पट केले की आपला थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, खोलीचा गुंजारव मात्र जवळपास तेवढाच राहतो. फार जवळ गेल्यास आवाज घुमटल्यासारखा जड होतो. हात तोंडासमोर धरून ‘पळ’ आणि ‘फळ’ म्हणा. तळव्यावर आदळणारा श्वास माइकवरही आदळतो. मराठीतील महाप्राण वर्णांमुळे पॉप फिल्टर ही येथे चैनीची वस्तू नाही. माइक किंचित तिरका ठेवणेही उपयुक्त ठरते.

हेडफोन कान पूर्ण झाकणारा, बंद पाठीचा घ्या. संगणक आहे तोच चालेल. मुद्रण ४८,००० हर्ट्‌झ व २४ बिटवर, डब्ल्यूएव्ही स्वरूपात करा. आवाजाची शिखरे उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्या.

कृती : ‘जग’, ‘चारा’, ‘फळ’, ‘भास’ हे शब्द असलेला एक परिच्छेद लिहा. तो वीतभर, हातभर आणि खोलीच्या दुसऱ्या टोकावरून असा तीनदा मुद्रित करा. हाताशी असलेला फोनही चालेल. संहिता न पाहिलेल्या व्यक्तीला तिन्ही मुद्रणे, दुसऱ्या टोकावरचे आधी, ऐकवून ऐकू आलेले शब्द लिहावयास सांगा. कोणत्या अंतरावर कोणता वर्ण बदलला, याची नोंद वहीत करा.