कुत्र्या-मांजरांची विष्ठा म्हणजे शेणखत नव्हे

छत्तीसगडमधील भिलाई येथील सेक्टर ६ हा पोलाद कारखान्याच्या वसाहतीचा भाग आहे. सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारानंतर कारखाना उभा राहिला आणि कर्मचाऱ्यांसाठी सेक्टरनिहाय निवासस्थाने बांधण्यात आली. अशा वसाहतीत घरामागे थोडी मोकळी जागा असली, की मेथी-टोमॅटोचे वाफे होतात आणि दारात कुत्रा किंवा मांजरही असते. त्यांची विष्ठा त्याच वाफ्यात पुरावी का, हा प्रश्न मात्र घरातील मुलांच्या आरोग्याशी निगडित आहे.

शेण खत म्हणून चालते, मग ही विष्ठा का नाही, असे अनेकांना वाटते. गाय गवत खाते, तर कुत्रा व मांजर मुळात मांसभक्षक आहेत आणि त्यांच्या आतड्यांतील काही परजीवी माणसालाही बाधतात. कुत्र्याच्या पोटातील टॉक्सोकॅरा या गोलकृमीची अंडी मातीत साधारण दोन ते चार आठवड्यांत संसर्गक्षम होतात आणि कित्येक वर्षे टिकू शकतात. मातीत खेळलेले हात तोंडात गेले, की ती मुलांच्या पोटात जातात. त्यांतून निघालेल्या अळ्या डोळ्यापर्यंत पोहोचल्यास दृष्टीला धोका संभवतो.

मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी पसरू शकतो. तो एक ते पाच दिवसांत संसर्गक्षम होत असल्याने मांजराची पेटी रोज स्वच्छ करावी. गर्भारपणात याची प्रथमच लागण झाल्यास गर्भाला इजा होऊ शकते. म्हणून गर्भवतींनी हे काम इतरांकडे सोपवावे.

घरगुती कंपोस्टच्या ढिगात ही अंडी नष्ट होण्याइतकी उष्णता सहसा निर्माण होत नाही. त्यामुळे भाजीच्या खतात ही विष्ठा मिसळू नये.

मग विल्हेवाट कशी लावावी? कुत्र्याची विष्ठा पिशवी व माती वगळून घरच्या शौचालयात टाकून भरपूर पाणी सोडता येते. मांजराची विष्ठा वा तिची वाळू मात्र तेथे टाकू नये. वाळूने नळ तुंबतो आणि टॉक्सोप्लाझ्मा सांडपाण्याच्या शुद्धीकरणातूनही तग धरू शकतो. समुद्री ऊदमांजरांना होणाऱ्या संसर्गाच्या चिंतेतून अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २००६ साली मांजराच्या वाळूच्या वेष्टनावर तसा इशारा छापणे सक्तीचे केले.

अंगणात पुरायचे झाल्यास विहीर, कूपनलिका, भाजीचे वाफे आणि मुलांच्या खेळण्याची जागा यांपासून दूर, किमान फूटभर खोल खड्डा घ्यावा व प्रत्येक वेळी वर माती लोटावी. उघड्यावर राहिलेली विष्ठा पावसाळ्यात वाहून नाल्यात जाते.

कचऱ्यात द्यायची असल्यास ती कागदात घट्ट गुंडाळून, पिशवीत बांधून, ओल्या कचऱ्यापासून वेगळी द्यावी. ओल्या कचऱ्याचे पुढे खत होते आणि तो निवडणाऱ्या सफाई कामगारांचे हात अनेकदा उघडेच असतात. घरच्या कचऱ्याचे वर्गीकरण २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बंधनकारक केले, त्यामागे या हातांचाही विचार आहे.

विष्ठा उचलल्यावर साबणाने हात धुवावेत आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्राण्याला नियमित जंतनाशक द्यावे. प्राण्याच्या पोटातील जंत गेले, की अंगणातील निम्मी काळजी मिटते.