स्मार्टवॉच घ्यायचं का? चालण्यासाठी ठीक, बीपी-शुगरसाठी भरवसा नको

तालुक्याच्या बाजारपेठेत मोबाईलच्या दुकानात आता हजार-दोन हजारांत स्मार्टवॉच मिळतंय. डब्यावर यादी भली मोठी असते. पावलं, हृदयाचे ठोके, ऑक्सिजन, झोप, बीपी, काही ठिकाणी तर शुगरसुद्धा. शहरात नोकरीला असलेली मुलं गावाकडं येताना आई-वडिलांसाठी हे घड्याळ हौसेनं आणतात. मग घरात रोज सकाळी त्यावरच बीपी बघितलं जातं. आकडा चांगला दिसला की गोळी चुकवली जाते. गडबड होते ती इथंच.

हे घड्याळ काही कामं चांगली करतं, काही कामचलाऊ करतं, तर काही त्याच्या आवाक्यातलीच नाहीत. यातला फरक कळला, तर पैसे वाया जात नाहीत आणि जिवावरही बेतत नाही.

पावलं मोजतं कसं?

घड्याळात हालचाल टिपणारा छोटा सेन्सर असतो. चालताना हात पुढं-मागं झुलतो, त्या झोक्यावरून घड्याळ पावलं धरतं. म्हणजे ते पाय बघत नाही, हात बघतं. त्यामुळं डोक्यावर पाटी किंवा हंडा दोन्ही हातांनी धरून चाललं, तर बरीच पावलं सुटतात. उलट खड्ड्यांच्या रस्त्यावर मोटारसायकल चालवली, तर न चालताच पावलं वाढू शकतात.

घड्याळ किती खरं बोलतं हे तपासणं सोपं आहे. तोंडानं मोजत शंभर पावलं चाला आणि घड्याळात किती वाढली ते बघा. चार-पाचचा फरक चालतो. वीस-पंचवीसचा पडत असेल, तर त्या आकड्याला फार किंमत देऊ नये.

दहा हजार पावलं कुठून आली?

रोज दहा हजार पावलं चाललीच पाहिजेत, असं सगळीकडं ऐकायला मिळतं. हा आकडा डॉक्टरांनी ठरवलेला नाही. १९६४ मध्ये टोकियोत ऑलिम्पिक झालं. त्यानंतर १९६५ मध्ये जपानमधल्या एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. नाव गाजलं आणि आकडा जगभर पसरला.

जागतिक आरोग्य संघटना मिनिटांत सांगते. मोठ्या माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चालणं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग पुरतो.

घड्याळामुळं चालायची गोडी लागते का?

लागते, पण घड्याळ बांधलं म्हणून वजन आपोआप उतरत नाही. पावलं मोजायच्या साध्या यंत्रांवर झालेल्या २६ अभ्यासांचा आढावा २००७ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आला. यंत्र वापरणारे लोक दिवसाला सुमारे अडीच हजार पावलं जास्त चालू लागले होते. आज इतकी पावलं चालायचीच, असं ज्यांनी ठरवलं होतं, त्यांच्यात हा फायदा दिसला.

दुसरी बाजूही आहे. २०१६ मध्ये त्याच नियतकालिकात वजन जास्त असलेल्या ४७१ तरुणांवरचा दोन वर्षांचा अभ्यास छापून आला. आहार आणि व्यायामाचा सल्ला सगळ्यांनाच होता. त्यातल्या निम्म्यांना हालचाल मोजणारं, दंडावर बांधायचं यंत्रही दिलं होतं. यंत्रवाल्यांचं वजन सरासरी साडेतीन किलोनं उतरलं, बिनयंत्रवाल्यांचं जवळपास सहा किलोनं.

म्हणून आधी आठवडाभर नेहमीसारखं वागून आपली रोजची पावलं बघावीत आणि मग त्यात हजार-दोन हजारांची भर घालावी. दुकानात, ऑफिसात किंवा गाडीवर दिवसभर बसणाऱ्यांना याचा उपयोग जास्त. दिवसभर खुरपणी किंवा ऊसतोड करणाऱ्या बाईला पावलांचा आकडा गाठायची गरज नाही. तिच्या अंगाला विश्रांती आणि पोटाला चांगलं जेवण हवं.

भरतीची तयारी करणाऱ्यांनी जपून

पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. स्वस्त घड्याळांत बऱ्याचदा जीपीएस नसतं. ती मोबाईलच्या जीपीएसवर चालतात, नाहीतर पावलांवरून अंतराचा अंदाज काढतात. घड्याळ १६०० मीटर दाखवतं आणि प्रत्यक्षात धाव १४०० मीटरच झालेली असते, असं होऊ शकतं. मग वेळ भारी वाटते आणि मैदानी चाचणीच्या दिवशी तोंडाला फेस येतो. मैदान टेपनं एकदा मोजून खुणा कराव्यात. घड्याळ फक्त वेळ लावायला वापरावं.

रोजच्या कामात कुठं उपयोग?

मनगटावर थरथरणारा गजर हा या घड्याळाचा चांगला गुण. रात्रीच्या पाळीत लाइट आली की मोटर चालू करायला उठायचं असेल, तर घरातल्या बाकीच्यांची झोप न मोडता जाग येते. गोळ्यांची वेळ लक्षात राहते. गाडीवर असताना खिशातला फोन वाजला, तर कुणाचा आहे ते कळतं, मग गाडी बाजूला घेऊन बोलता येतं.

पण सिमकार्ड नसलेलं घड्याळ ब्लूटूथवर चालतं. फोन बांधावर ठेवून दोन एकर लांब गेलं, तर घड्याळावर कॉल येणार नाही.

बीपी आणि शुगरचं काय?

घड्याळाच्या मागं हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला रक्त कमी-जास्त होतं, त्यावरून ठोके मोजले जातात. शांत बसल्यावर आकडा बऱ्यापैकी बरोबर येतो. पट्टा सैल असेल, हात हलत असेल किंवा मनगटावर गोंदण असेल, तर चुकू शकतो.

बीपी मात्र दंडाला पट्टा आवळून मोजतात. स्वस्त घड्याळात असा पट्टा नसतो, दिव्यावरून नुसता अंदाज असतो. सॅमसंगच्या ज्या घड्याळांत बीपीची सोय आहे, तीही आधी दंडाच्या मशीनशी जुळवून घ्यावी लागतात आणि दर २८ दिवसांनी हे परत करावं लागतं. तुमच्या घड्याळाची परीक्षा घ्यायची असेल, तर ते टॉवेलच्या गुंडाळीवर बांधून बघा. टॉवेलचंही बीपी दाखवलं, तर काय समजायचं ते समजा.

शुगरचा दावा तर त्याहून धोक्याचा. सुई न टोचता रक्तातली साखर मोजणाऱ्या घड्याळांवर किंवा अंगठ्यांवर विसंबू नका, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. अशा एकाही उपकरणाला मान्यता दिलेली नाही, असंही त्यात स्पष्ट केलं होतं. चुकीचा आकडा बघून इन्सुलिन जास्त घेतलं, तर साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो.

ईसीजी असलेली महागडी घड्याळंही हार्ट अटॅक ओळखत नाहीत. अ‍ॅपल कंपनी स्वतःच तसं सांगते. छातीत दुखलं, दरदरून घाम फुटला, तर घड्याळ बघत बसू नका, १०८ ला फोन लावा.

तिशीच्या पुढच्यांची बीपी-शुगर तपासणी सरकारी आरोग्य उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंना विचारलं की दिवस कळतो. गोळी सुरू असेल, तर कमी-जास्त डॉक्टरच करतील.

घेताना हे बघा

• डब्यावर बीआयएसचं चिन्ह आणि नोंदणी क्रमांक आहे का?
• पक्कं बिल आणि वॉरंटी घ्या. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.
• पाऊस आणि घाम चालतो, म्हणून विहिरीत पोहायला चालेलच असं नाही. गरम पाणी आणि साबणापासून लांब ठेवा.
• घड्याळाचं ॲप फोनमधले नंबर आणि ठिकाण मागतं. गरज नसेल तिथं परवानगी देऊ नका.

गावातल्या दोघा-चौघांनी मिळून पहाटे चालायला सुरुवात केली, तर घड्याळ नसलं तरी चालतं. असेल तर पावलं मोजून देईल. आई-वडिलांसाठी काही घ्यायचंच असेल आणि त्यांना बीपी असेल, तर त्याच पैशांत दंडाला बांधायचं बीपीचं मशीन येतं. घड्याळाच्या आधी ते घ्यावं.